पान एकशे त्रेचाळीसची सही

सावळीराम गुंजाळांना कुणी रशियन भाषेत "कसे आहात?" असं विचारलं, तर ते उत्तर देतात, "स्थिती सामान्य. गळती नाही." यात गंमत करायचा त्यांचा अजिबात हेतू नसतो. त्यांना ती भाषा विमानाच्या इंजिनानं शिकवली, आणि इंजिन काही कुणाची ख्यालीखुशाली विचारत बसत नाही.

चांदवडजवळच्या खेड्यातून आयटीआय करून सावळीराम ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले. विमानं रशियन, त्यांची माहितीपुस्तकं रशियन, आणि ती वाचू शकणारी माणसं इनमिन चार. म्हणून कारखान्यानं संध्याकाळचा रशियन वर्ग काढला. पहिल्या दिवशी बत्तीस जण आले. दिवाळीपर्यंत तीन उरले, आणि त्यातले दोघं चहा फुकट मिळतो म्हणून यायचे. उरलेले एकटे सावळीराम. फिटरचे ते अनुवादक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तांत्रिक ग्रंथालयात बसून 'ही झडप जोराने फिरवू नये' असल्या वाक्यांशी संसार करत राहिले.

खरा संसार सखुबाईंशी होता. सखुबाई घोटीच्या, भाताच्या मुलखातल्या, सातवी पास. लग्न झालं आणि वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या नवऱ्याला एक व्यसन आहे. कारखान्यात नियम असा, की कुठलंही काम झालं की कागदावर दोन सह्या हव्यात. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. करणारा कितीही हुशार असो, दुसरी सही नसेल तर विमान हँगरबाहेर पडत नाही. हा नियम सावळीरामांच्या हाडीमाशी खिळला होता. नळाचा वॉशर बदलला तरी ते वहीत 'वॉशर बदलला' असं लिहून खाली सही करायचे आणि हाक मारायचे, "अगं, बघून घे आणि सही कर."

सखुबाई आधी नुसत्या सह्या करायच्या. मग एक दिवस त्यांनी खरोखरच नळ उघडून बघितला, आणि तो गळत होता. तेव्हापासून त्या सही करण्याआधी बघू लागल्या. सावळीरामांना धाक बसला आणि आनंदही झाला.

कारखान्यात आलेला एक रशियन इंजिनिअर मायदेशी परत जाताना सावळीरामांना दोन वस्तू देऊन गेला. एक खारवलेल्या काकड्यांची बरणी आणि एक कथासंग्रह. काकड्या सखुबाईंनी चाखल्या, तोंड वाकडं केलं आणि शेजारी देऊन टाकल्या. पुस्तक राहिलं. लेखकाचं नाव चार डब्यांच्या मालगाडीएवढं होतं आणि मुखपृष्ठावर त्याची छातीपर्यंत दाढी. त्यामुळे घरात त्याचं नाव पडलं 'दाढीवाला'. त्याला त्याच्या स्वतःच्या देशातही फारसं कुणी ओळखत नव्हतं, हे सावळीरामांना पुष्कळ उशिरा कळलं.

आपली रशियन गंजू नये म्हणून सावळीराम रोज या पुस्तकाचं एक पान मराठीत उतरवू लागले. आणि काम झालं म्हटल्यावर दुसरी सही आलीच. सखुबाईंना रशियनचं अक्षर येत नव्हतं, पण त्यांनी तपासणीची आपली रीत काढली. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून त्या पान मोठ्यानं वाचायच्या. जिथं जीभ अडखळेल तिथं पेन्सिलीची रेघ.

"'स्त्रीने दरवाजा उघड्या स्थितीत आणला.' हे काय हो?"

"मूळ तसंच हाय."

"मूळ कसं का असंना. 'तिनं दार उघडलं' म्हणा की. दार हाय ते, झडप नाय."

सावळीराम खोडायचे, पुन्हा लिहायचे. अशी दोनशे बारा पानं झाली. त्यातल्या दोनशे अकरा पानांच्या तळाशी दोन सह्या आहेत. पान एकशे त्रेचाळीसवर एकच, आणि ती गेली एकोणीस वर्षं तशीच एकटी आहे.

त्या पानावर एक गोष्ट संपते. गावातला एक माणूस दूर उत्तरेकडे कामाला जातो आणि बारा वर्षांनी परत येतो. बायको दार उघडते. समोर तो उभा. आणि ती म्हणते, "तू आपल्या सर्वांच्या उज्ज्वल भविष्यासाठी कष्ट केलेस. मला तुझा अभिमान आहे. ये!" गोष्ट समाप्त.

सखुबाईंनी ते ओट्याशी वाचलं, आणि कागद खाली ठेवला.

"मी नाय सही करणार."

"का? जीभ अडखळली का कुठं?"

"जीभ नाय अडखळली. पण बारा वर्षांनी नवरा दारात आला आणि ही बाई भाषण करते? शाळेत झेंडावंदनाला आलीय का ती? हे खोटं हाय."

"अगं, मूळ तसंच हाय! मी माझ्या पदरचं लिहिलं का?"

"मग त्या दाढीवाल्यानं त्याच्या पदरचं लिहिलंय. इतकी पानं झाली, ही बाई अशी बोलली नाय कुठं. सरळ वागणारी बाई ती. तुम्ही म्हणता म्हणून मी कशी सही करू?"

इथं दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच काही इलाज नव्हता. सावळीराम मूळ बदलायला तयार नव्हते. सखुबाई खोट्याखाली नाव घालायला तयार नव्हत्या. एका पानासाठी अख्खं बाड लोखंडी कपाटात बसून राहिलं. सावळीराम निवृत्त झाले, मुलगा सुनील मनमाडला रेल्वेत लागला, सून आली, नातू बोलायला लागला, आणि विमान काही हँगरबाहेर पडलं नाही.

मग या वर्षी हर्षाली देवरे घरी आली. तिचे वडील कारखान्यात सावळीरामांबरोबर होते, आणि ती स्वतः नाशिकच्या एका महाविद्यालयात साहित्य शिकवते. तिनं दोन दिवसांची परिषद भरवली होती. विषय, रशियन, चेक अशा स्लाव्ह भाषांमधलं साहित्य आणि साहित्यसिद्धान्त. नाशकात असल्या विषयाला माणसं येतील का, या काळजीनं ती अर्धी झाली होती.

"काका, चेक देशातून एक बाई येतायत. यार्मिलाबाई. हस्तलिखितं ताडून मूळ संहिता शोधणं हा त्यांचा विषय. आणि गंमत म्हणजे, त्यांनी अकरा वर्षं कुणावर काम केलंय? तुमच्या दाढीवाल्यावर! जगात त्याच्यावर काम करणारी माणसं एका रिक्षात बसतील. त्यातली एक नाशकात येतेय. बाबांनी सांगितलं की तुमच्या कपाटात त्याचं अख्खं मराठी पुस्तक आहे."

"अख्खं नाही," सावळीराम म्हणाले. "एक सही बाकी आहे."

हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. तिला हसू आवरेना. "काका, आमचा विभाग पुस्तक छापायला तयार आहे. परिषदेच्या शेवटी बाड माझ्या हातात द्या. यंदाच छापायचं, नाहीतर पुढच्या वर्षी मंजुरी राहील की नाही सांगता येत नाही. एकाच सहीची तर गोष्ट!"

"एकाच बोल्टाची तर गोष्ट, असं विमानात म्हणतेस का तू?"

पण जाताना हर्षालीनं सखुबाईंनाही आग्रहाचं आमंत्रण दिलं. ती हुशार आहे.

परिषदेच्या सकाळी सावळीरामांनी निघताना पान एकशे त्रेचाळीस आणि पेन दोन्ही सखुबाईंपुढे धरलं. पासष्टाव्या वर्षी आपलं पुस्तक येईल, या विचारानं रात्री त्यांना झोप लागली नव्हती, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सखुबाईंना ते दिसलं. त्यांना वाईटही वाटलं.

"मागा की दुसरं काहीही," त्या म्हणाल्या. "पण सही म्हणजे सही. तुम्हीच शिकवलंय."

सावळीरामांनी पान बाडात परत घातलं. रिक्षात दोघं दोन बाजूंना बघत बसले.

परिषद रीतसर सुरू झाली. म्हणजे पाऊण तास उशिरा. पंख्याच्या वाऱ्यानं समईची वात पेटेना, तेव्हा सावळीरामांनी उठून पंखा बंद केला आणि जागेवर येऊन बसले. हे त्या दिवशीचं सर्वात उपयुक्त योगदान होतं, असं माझं मत आहे. यार्मिलाबाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि मनुक्यांचा पुडा मिळाला. नारळ कुठं ठेवायचा हे न कळल्यामुळे त्यांनी पहिलं अख्खं सत्र तो मांडीवर धरून ऐकलं.

पहिल्या सत्रात पुण्याहून आलेले अमित सर संहितेच्या अनुपस्थित उपस्थितीवर चाळीस मिनिटं बोलले. सखुबाई हळूच नवऱ्याकडे झुकल्या.

"काय म्हणतायत हे?"

"मला रशियन येतं," सावळीराम कुजबुजले. "हे नाही येत."

मधल्या सुट्टीत हर्षालीनं त्यांची यार्मिलाबाईंशी गाठ घालून दिली. बाईंनी सुरेख रशियनमध्ये विचारलं, "कसे आहात?" सावळीरामांनी उत्तर दिलं. बाई आधी चमकल्या, मग इतक्या हसल्या की हातातला चहा शालीवर सांडला. सावळीरामांनी खिशातला रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "आता गळती आहे." इथून दोघांची दोस्ती जमली.

जेवणानंतर सावळीरामांचं सत्र. कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलं होतं, 'तांत्रिक सत्र तीन'. त्यातला 'तांत्रिक' हा शब्द वाचून त्यांना जरा धीर आला होता. अध्यक्षस्थानी अमित सर. सभागृहात शंभर-एक माणसं, त्यातली निम्मी जेवून पेंगलेली. सावळीराम उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले:

"मी एक पान वाचणार आहे. आधी सांगतो, या पानावर एकच सही आहे. नियमानं हे पान उड्डाणाला योग्य नाही. ऐकणाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर ऐकावं."

पेंगणारे जागे झाले. सावळीरामांनी वाचलं. बारा वर्षांनी परतलेला नवरा, दार, ती बाई, तिचं ते वाक्य. टाळ्या पडल्या, पण जेवण झाल्यावर पडतात तशा.

"दुसरी सही कुणाची हवी होती?" अमित सरांनी कौतुकानं विचारलं.

सावळीरामांनी तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. अख्खं सभागृह वळलं. सखुबाईंनी मान खाली घातली, पण हर्षाली माईक घेऊन त्यांच्यापाशी पोचलीसुद्धा होती. शंभर माणसांसमोर उभं राहायची सखुबाईंची ही पहिलीच वेळ. माईक त्यांनी लाटण्यासारखा धरला.

"मला काय कळत नाय यातलं," त्या म्हणाल्या, "पण ती बाई असं बोलणार नाय. माणूस लय दिवसांनी दारात आला ना, की असलं मोठं काही तोंडातून निघतच नाय. काहीतरी रोजचंच निघतं. मी असते तर म्हटलं असतं, पाय पुसून या, आत्ताच सारवलंय. यांना मी एकोणीस वर्षं झाली सांगते, हे ऐकत नाय."

सभागृहात हशा पिकला. सावळीरामांचे कान लाल झाले. अमित सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि मोठ्या मायेनं समजावलं, की काकूंची प्रतिक्रिया फार मोलाची आहे. वाचक आपल्या संस्कृतीच्या अपेक्षा परक्या संहितेवर लादतो, त्याचं हे उत्तम उदाहरण आहे. सखुबाईंना त्यातला 'लादतो' एवढा शब्द बरोबर कळला. त्या खाली बसल्या. त्यांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला पाहून सावळीरामांना अमित सरांचा इतका राग आला, की आपणही एकोणीस वर्षं तेच म्हणत होतो हे ते साफ विसरले.

यार्मिलाबाई इकडून तिकडे बघत होत्या. सगळे हसले, मग सगळे गप्प झाले, झालं काय? त्यांनी सावळीरामांना रशियनमध्ये विचारलं. आता स्वतःच्या बायकोची तक्रार स्वतःच परक्या भाषेत सांगायची वेळ आली. घाबरलेल्या माणसाला जी भाषा पाठ असते तीच तोंडात येते. सावळीराम ताठ उभे राहिले आणि म्हणाले:

"तपासनीस पान स्वीकारत नाही. कारण: शेवटचा भाग मूळचा नाही. नंतर बसवलेला आहे."

यार्मिलाबाई खुर्चीतून उठल्या. नारळ अजूनही मांडीवरच होता, तो गडगडत पहिल्या रांगेखाली गेला, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर हे अजून छापलेलंही नाही!"

"तिनं," सावळीराम म्हणाले.

"त्यांना रशियन येतं?"

"नाही."

बाईंनी लॅपटॉप उघडला, त्याची वायर पडद्याला जोडायला सांगितली. जोडेना. सावळीरामांनी जोडली. पडद्यावर एका जुन्या, पिवळ्या कागदाचा फोटो आला. तिरकं, घाईचं अक्षर. शेवटची ओळ निळ्या पेन्सिलीनं खोडलेली, आणि समासात दुसऱ्याच हस्ताक्षरात एक लांबलचक वाक्य. बाई भरभर बोलू लागल्या आणि सावळीराम वाक्यावाक्याला मराठी करू लागले. "हे दाढीवाल्याच्या हातचं आहे. गेल्या वर्षी त्याच्या पुतणीच्या घरी सापडलं. समासातलं अक्षर संपादकाचं. गोष्टीचा शेवट उत्साहवर्धक नाही, म्हणून त्यानं भाषण घुसवलं. सगळ्या छापील आवृत्त्यांत तेच गेलं. लेखकाची स्वतःची ओळ ही, खोडलेली."

"वाचा," यार्मिलाबाई म्हणाल्या.

सावळीरामांनी चष्मा वर केला आणि ओळ मनात वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

अकरा महिने. सुनील तेव्हा दीड वर्षाचा होता, आणि कारखान्यानं सावळीरामांना प्रशिक्षणाला रशियात धाडलं होतं. अकरा महिन्यांनी ते ओझरला परतले, हातात दोन सुटकेसी, मनात विमानात बसल्यापासून जुळवलेली वाक्यं. सखुबाईंनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पाय पुसून या. बस. नंतर त्या आत जाऊन चुलीशी बसल्या. एवढ्या दिवसांनी आलो आणि ही धड बोललीसुद्धा नाही, हा सल सावळीरामांनी पुढं कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. त्या वेळी तिचे डोळे कसे होते, हे आठवायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. आता आठवलं. लालबुंद होते.

"काका?" हर्षालीनं हाक मारली.

पडद्याकडे न बघता, तिसऱ्या रांगेकडे बघत सावळीरामांनी अनुवाद केला.

"ती म्हणते, 'बूट बाहेर काढ. जमीन आत्ताच पुसलीय.'"

मग जो गलका झाला, तो असल्या परिषदांत सहसा होत नाही. टाळ्यांमध्ये अमित सर सर्वात आधी उभे राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. यार्मिलाबाई तिसऱ्या रांगेत गेल्या आणि स्वतःच्या अंगावरची शाल त्यांनी सखुबाईंच्या खांद्यावर घातली. शालीवर चहाचा डाग होता. सखुबाईंना तो लगेच दिसला, पण पाहुण्या बाईला काय बोलायचं म्हणून त्या गप्प राहिल्या.

सत्र संपलं तशी सावळीरामांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पान एकशे त्रेचाळीस नव्यानं उतरवलं, खाली सही केली आणि पेन पुढे केलं.

"आता तर करशील?"

"आधी वाचू द्या की," सखुबाई म्हणाल्या.

सभागृहात सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली होती, हर्षाली पिशवी घेऊन बाडासाठी ताटकळत होती, तरी सखुबाईंनी पान पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचलं. एका ठिकाणी थांबल्या.

"'जमीन' आधी घ्या. 'जमीन आत्ताच पुसलीय. बूट बाहेर काढ.' बाई आधी कारण सांगती, मग हुकूम."

सावळीरामांनी पडद्यावरचा फोटो पुन्हा बघितला. दाढीवाल्यानं आधी जमीनच लिहिली होती. गहिवरात त्यांनीच वाक्यं उलटी केली होती. त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं. सखुबाईंनी पुन्हा वाचलं आणि मग सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, सही केली. हर्षालीनं बाड पिशवीत घातलं आणि पिशवी पोटाशी धरली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सखुबाई कुलूप काढून पुढं आत गेल्या, दिवा लावला, शाल पाण्यात भिजत घातली. सकाळच्या घाईत आज फरशी पुसायची राहून गेली होती, त्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत. सावळीरामांनी मात्र चपला बाहेर काढल्या, पायपुसण्यावर आधी उजवा पाय पुसला, मग डावा पुसला, पुन्हा एकदा उजवा पुसला, आणि मग ते आत गेले.